अंगणातील निंबोळी

पाऊस लागण्याच्या सुमारास कडुनिंबाखाली निंबोळ्यांचा सडा पडतो आणि आपण तो झाडून उकिरड्यावर टाकतो. पुढे त्याच घरचा कर्ता कीटकनाशकासाठी दुकानी उधारी करतो, हे आम्हांस खटकते.

निंबोळीच्या बीत अझाडिरॅक्टिन नावाचे कडू द्रव्य असते. त्याने कीड लागलीच मरत नाही. तिचे खाणे सुटते व कात टाकणे बिघडते. १९६२ साली दिल्लीच्या भारतीय कृषि संशोधन संस्थेतील डॉ. प्रधान व सहकाऱ्यांनी दाखविले की, निंबोळीचे पाणी शिंपडलेल्या पिकास टोळही तोंड लावीत नाहीत.

सावलीत वाळविलेल्या बियांची ५ किलो भरड ९ लिटर पाण्यात रात्रभर भिजवावी. सकाळी फडक्यातून पिळून, २०० ग्रॅम साबण १ लिटर पाण्यात विरघळवून त्यात घालावा आणि एकंदर पाणी १०० लिटर करावे. अर्क त्याच दिवशी संपवावा, तोही सायंकाळी. उन्हाने द्रव्य निकामी होते. मावा, तुडतुडे, कोवळी अळी यांवर गुण येतो. थोराड अळीपुढे मात्र फारसे चालत नाही.

तंबाखूच्या काड्यांचा काढा फवारणारेही आहेत. आम्ही तो सुचवीत नाही. निकोटीन माणसालाही विषच, शिवाय तंबाखूचा मोझॅइक रोग मिरची-टोमॅटोस लागू शकतो.