ट्रंक भरण्यापूर्वी

परदेशी कायमच्या वास्तव्यासाठी निघालेल्या कुटुंबात महिना-दीड महिना आधीपासून जी धांदल उडते, ती बहुधा सामानाची असते. भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, लोकरीचे कपडे यांच्या याद्या होतात आणि पुन्हा पुन्हा बदलतात. खरी तयारी मात्र याच्या पुष्कळ आधी सुरू व्हावी लागते, आणि ती कागदांची असते. कॅनडाला जाणाऱ्या कुटुंबाचे उदाहरण घेतले म्हणजे हे ध्यानात येईल.

पहिली अडचण नावाची. मराठी माणसाचे नाव तीन पदरी असते : स्वतःचे, वडिलांचे आणि आडनाव. शाळेच्या दाखल्यावर आडनाव पुढे येते, पदवीवर ते मागे जाते, आणि पासपोर्टात आडनावाचा रकानाच वेगळा असतो. कोठे वडिलांचे नाव पूर्ण, तर कोठे नुसते आद्याक्षर. येथल्या कचेरीत याचे कोणाला फारसे वाटत नाही. परंतु परक्या देशातील अधिकाऱ्यापुढे एकाच माणसाची तीन माणसे होऊन उभी राहतात. स्त्रियांची स्थिती याहून बिकट. पदवी माहेरच्या नावाची, पासपोर्ट सासरच्या नावाचा, आणि लग्नात पहिले नावही बदलले असेल तर दोहोंना जोडणारा दुवा एकच : विवाहनोंदणीचा दाखला. लग्नाचा आल्बम किंवा मंगल कार्यालयाची पावती येथे उपयोगी पडत नाही. गोव्यातील मंडळी याबाबतीत सुदैवी म्हणावी लागतील. विवाहाच्या सह्या नोंदणी कचेरीत करण्याची पद्धत तेथे पोर्तुगीज अमदानीपासून रूढ आहे. इतरत्र मात्र वीस वर्षे संसार करून मग नोंदणीसाठी धावणारी जोडपी दिसतात. नावांत फरक असल्यास प्रतिज्ञापत्र करावे, आणि नाव खरोखरीच बदलले असेल तर राजपत्रात प्रसिद्ध करून घ्यावे. ही कामे चार दिवसांत होत नाहीत.

गावांच्या नावांचेही असेच आहे. बेळगावचे अधिकृत नाव 1 नोव्हेंबर 2014 पासून बेळगावी झाले. साहजिकच जुन्या पासपोर्टात एक व नव्या जन्मदाखल्यात दुसरे. कन्नड, मराठी किंवा गुजराती भाषेतील दाखल्याचे इंग्रजी अथवा फ्रेंच भाषांतर मूळ प्रतीसह द्यावे लागते, आणि ते घरातील कोणी केलेले चालत नाही, मग तो भाषेचा प्राध्यापक का असेना.

प्रत्येक कागदाला आयुष्य असते, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. भाषापरीक्षेचा निकाल दोन वर्षे, पदवीच्या मूल्यांकनाचा अहवाल पाच वर्षे, वैद्यकीय तपासणी सामान्यतः बारा महिने. त्यामुळे उत्साहाच्या भरात सारे एकदम करून टाकणे शहाणपणाचे नव्हे. मूल्यांकनासाठी विद्यापीठाकडून गुणपत्रकांच्या मोहोरबंद प्रती आधीच काढाव्यात. समुद्रापलीकडून विद्यापीठाच्या खिडकीपर्यंत पोहोचणे किती कठीण, हे सांगायला नको. शिवाय मूल्यांकन झाले म्हणजे नोकरीचा परवाना मिळाला असे नव्हे. शिक्षक, परिचारिका, डॉक्टर यांना ज्या त्या प्रांताचा परवाना वेगळा घ्यावा लागतो.

आता सामानाकडे वळावयास हरकत नाही. कॅनडातील घरगुती वीज 120 व्होल्टची असते, आपली 230 ची. तेव्हा येथला मिक्सर तिकडे नेऊन उपयोग नाही. अॅल्युमिनियमचा कुकर इंडक्शनच्या शेगडीवर तापत नाही. लोकरीचे जाड कपडे तिकडेच घेणे बरे, कारण उणे वीस अंशांची थंडी येथल्या स्वेटराला ठाऊक नसते. दातांची दुरुस्ती आणि चष्मा मात्र येथेच उरकावा. प्रांताच्या आरोग्यविम्यात मोठ्या माणसांच्या बाबतीत ही दोन्ही सहसा येत नाहीत. मुलांच्या लसींचा तक्ता शाळेसाठी लागतो. सर्वांत महत्त्वाची यादी दागिन्यांची. वापरातल्या ज्या वस्तू सोबत नेल्या आणि ज्या मागाहून येणार, त्या दोहोंची यादी पहिल्या प्रवेशाच्या वेळीच जकात अधिकाऱ्याकडे द्यावी लागते. पाटल्या आणि मंगळसूत्र सराफाच्या मूल्यांकनासह व छायाचित्रांसह त्या यादीत घालावे. एरवी पुढच्या खेपेस आईने दिलेल्या बांगड्यांवर कर भरण्याचा प्रसंग येतो.

सर्वांत दुर्लक्षित राहते ती मागे उरणाऱ्यांची व्यवस्था. मुलगा जातो, घर त्याच्या नावावर असते, आणि त्यात राहणाऱ्या वृद्ध आईवडिलांना कोणत्याही कागदावर सही करण्याचा अधिकार नसतो. कुलमुखत्यारपत्र निघण्यापूर्वी दुय्यम निबंधकाकडे नोंदवून ठेवावे. तेच परदेशात करावयाचे झाले तर तेथे प्रमाणित करून घेऊन, येथे पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांकशुल्क भरावे लागते. गोव्याच्या नागरी कायद्यात पती-पत्नींची मालमत्ता सामान्यतः सामाईक असल्याने दोघांचेही मुखत्यारपत्र हवे; एकट्या नवऱ्याच्या सहीवर घर विकता येत नाही. आणि मुखत्यारपत्र देणारा निवर्तला की ते पत्रही संपते. ते मृत्युपत्राची जागा घेऊ शकत नाही.

बँकेचे साधे बचत खाते अनिवासी खात्यात, म्हणजे एन.आर.ओ. मध्ये बदलून घेणे हे कायद्याने आवश्यक आहे. पुष्कळजण ते वर्षानुवर्षे तसेच ठेवतात आणि घरभाडे जमा होत राहते.

नागरिकत्वाविषयीही गैरसमज फार. कायमच्या वास्तव्याची परवानगी मिळालेला माणूस भारताचा नागरिकच राहतो. मात्र ती परवानगी टिकवण्यासाठी पाच वर्षांत 730 दिवस कॅनडात राहावे लागते. पुढे तिकडचे नागरिकत्व घेतले की भारताचे आपोआप संपते, कारण आपल्या कायद्यात दुहेरी नागरिकत्व नाही. ओ.सी.आय. कार्ड घेऊन येणे-जाणे व राहणे सुलभ होते, परंतु मतदान नाही, आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. वडिलोपार्जित जमीन वारसाने मात्र मिळू शकते. तेव्हा गावाकडील जमिनीचे वाटप मनात असेल, तर सात-बारावरील नावे जाण्यापूर्वीच तपासून घ्यावीत.

आईवडिलांचे पासपोर्टही मुलांच्या बरोबरच काढावेत. त्यांच्यासाठी कॅनडाचा जो खास दीर्घ मुदतीचा व्हिसा आहे, त्यावर एका खेपेस पाच वर्षांपर्यंत राहता येते. त्यासाठी मुलाचे पुरेसे उत्पन्न व निदान एक वर्षाचा आरोग्यविमा दाखवावा लागतो. आणि त्या पासपोर्टातील नाव मुलाच्या जन्मदाखल्यातील नावाशी जुळते किंवा नाही, हे अर्ज करतानाच पाहावे.