हिऱ्यापोटी गारगोटी

संपादकांना लेख फ्लॅटवर हवा होता. सिंहस्थाच्या तोंडावर नाशिक कसं फुगतंय, पाथर्डी फाट्याच्या पुढे द्राक्षाचे मळे मोडून इमारती कशा उभ्या राहतायत, वगैरे. मी त्याच कामाला गेले होते. पण तिसऱ्या मजल्यावरच्या एका स्वयंपाकघरात एक मिस्त्री उकिडवे बसून चालू मशीनचं चार इंची ब्लेड एका विटेवर टेकवत होते. वीट तोडायची नव्हती. नुसतं इंचभर आत घालायचं, बाहेर काढायचं, पुन्हा घालायचं. फ्लॅटवरचा लेख तिथेच राहिला.

"धार लावताय का?" मी विचारलं.

"धार कुठली ताई, याला धारच नसते." मिस्त्रींनी मशीन बंद केली, वायर उपटली आणि ब्लेड माझ्यापुढे धरलं. "लावा बोट."

सुरीसारखं काही लागलं नाही. बारीक पॉलिश पेपरवरून बोट फिरवावं तशी खरखर, एवढंच.

ही खरखर हिऱ्याची. पोलादी चकतीच्या काठावर धातूच्या भुकटीत हिऱ्याचे बारीक कण मिसळून, दाबून, भट्टीत तापवून एक पट्टी बसवलेली असते. भुकटीत कोबाल्ट, तांबं, कथील, लोखंड असं काहीबाही असतं. बाहेर डोकावणारे हिरे टाइल ओरबाडतात. काम करून ते बोथट झाले की भोवतालचा धातू झिजला पाहिजे, म्हणजे जुने हिरे गळून खालचे नवे वर येतील. धातू झिजला नाही तर बोथट हिरे नुसते घासत राहतात, काठ तापून निळसर पडतो आणि टाइलवर काळी रेघ उमटते. मिस्त्री म्हणतात, "ब्लेड बसलं."

माझ्या आजीच्या जात्याचंही असंच होई. पाळी गुळगुळीत झाली की पीठ जाडंभरडं पडे, मग टाकीवाल्याला बोलावून जातं टाकवून घ्यायचं. वीट इथे टाकीचं काम करते. विटेतली रेती काठावरचा मऊ धातू खरवडते आणि हिरे पुन्हा उघडे पडतात. मी खिडकीबाहेर पडलेल्या काळ्या दगडाकडे बोट दाखवलं. त्यावर नाही का चालणार? मिस्त्री हसले. आपला काळा पाषाण कडक खरा, पण त्यात गारगोटी जवळजवळ नाही, म्हणून त्याला रेतीची खरड नाही. त्यावर बसलेलं ब्लेड आणखीच बसतं.

यातून एक उफराटा नियम निघतो: जितकी कडक टाइल, तितका ब्लेडचा धातू मऊ हवा. विटेसारखा खरखरीत माल धातूला आपसूक खातो, म्हणून त्याला कडक धातूचं ब्लेड टिकतं. पोर्सेलिन घट्ट आणि काचेसारखं. ते धातूला खातच नाही. काँक्रीटचं दणकट ब्लेड महाग म्हणून घेऊन पोर्सेलिनवर चालवणारा दुपारपर्यंत रडकुंडीला येतो.

टाइल कोणती हे मिस्त्री पाठीवरून ओळखतात. बाथरूमच्या भिंतीची सिरॅमिक टाइल उलटी करून त्यांनी ओला अंगठा टेकवला. डाग क्षणात सुकला. "ही पाणी पिते." जमिनीच्या दोन बाय चारच्या टाइलवर तोच अंगठा टेकवला तर थेंब तसाच चमकत राहिला. भिंतीची टाइल वजनाच्या दहा टक्क्यांहून जास्त पाणी पिऊ शकते. पोर्सेलिनची मर्यादा अर्धा टक्का. चिनीमाती, फेल्डस्पार आणि गारगोटीची पूड दाबून साधारण बाराशे अंशांवर भाजली की फेल्डस्पार वितळून छिद्रं बुजवतो. मोरबीहून ट्रक भरभरून येतो तो माल हा. पाणी पिणाऱ्या टाइलला साधं ब्लेड पुरतं, सरळ कापाला तर हातकटरची रेघ आणि एक दाब बास. पोर्सेलिनला मात्र अखंड काठाचं, पातळ, बारीक हिऱ्याचं ब्लेड लागतं. खाचा असलेलं ब्लेड झपाट्याने चालतं, पण कडेच्या कपच्या उडवतं.

हे हिरे खाणीतले नसतात. १६ डिसेंबर १९५४ रोजी अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीत ट्रेसी हॉल यांनी प्रचंड दाब आणि उष्णतेखाली कार्बनचा हिरा केला. बक्षीस म्हणून आपल्याला दहा डॉलरचा बचतरोखा मिळाला, असं ते पुढे सांगत. अठराव्या शतकात ब्राझीलच्या खाणी सापडेपर्यंत जगाला हिरे पुरवत होता तो मुख्यतः आपला देश. आज तोच हिरा नाशिकच्या हार्डवेअरच्या दुकानात खिळ्याला टांगलेला असतो.

मिस्त्रींनी खांबाभोवती बसणारा एल आकाराचा तुकडा कापून दाखवला. आधी आतल्या कोपऱ्यात ड्रिलने छोटं भोक. "कोपरा टोकदार ठेवला की तिथून तडा जातो." मग ब्लेडवरचा बाण आणि मशीनची फिरण्याची दिशा जुळवून पाहिली. ब्लेडचं भोक वीस मिलिमीटरचं, ग्राइंडरची बैठक सोळाची. मधली रिंग नसेल तर ब्लेड डगमगतं. पहिला हात नुसता ओरखडा, मिलिमीटरभर. दुसरा हात पूर्ण खोल. शेवटच्या दोन इंचांआधी ते थांबले, टाइल फिरवली आणि समोरून थोडं कापून आले. भट्टीतून येताना टाइल अंगात ताण घेऊन येते. सरळ रेटलं तर शेवटचा कोपरा उडतो. काप निघाला तेव्हा कडेला एक सूतभरही कपची नव्हती. ग्राइंडर मिनिटाला बारा हजार फेरे घेतं. म्हणजे ब्लेडचा काठ ताशी सुमारे दोनशे तीस किलोमीटरने पळत असतो, आणि हा माणूस तो केसाच्या अंतराने वळवत होता.

मी टाळी वाजवणार होते, पण समोरचं दिसेना. खोली पांढरी झाली होती.

पोर्सेलिनमधली सगळी गारगोटी भट्टीत वितळत नाही. ब्लेड तिचं पीठ करतं. दिसतं ते पीठ जड, खाली बसतं. न दिसणारं श्वासाबरोबर फुप्फुसाच्या तळाशी जातं आणि तिथे घट्टे पाडतं. सिलिकोसिस म्हणतात त्याला. बहुधा तो वर्षानुवर्षांनी कळतो, बरा होत नाही, आणि क्षयाला दार उघडून देतो. १९४८ च्या कारखाने कायद्याने हा सरकारला कळवायचा आजार ठरवला. पण तिसऱ्या मजल्यावरचं स्वयंपाकघर म्हणजे कारखाना नव्हे. बांधकाम कामगार मंडळात नाव घालायचं तर आधीच्या वर्षात नव्वद दिवस काम केल्याचा दाखला हवा. मिस्त्रींचे नव्वद दिवस सात ठेकेदारांत वाटलेले. दाखला कोण देणार?

उपाय सगळ्यांना ठाऊक आहे: पाणी. कापावर धार सोडली की धूळ चिखल होते, ब्लेडही गार राहतं.

"मग सोडत का नाही?"

मिस्त्रींनी एक्स्टेंशन बोर्ड दाखवला. वायरला तीन ठिकाणी टेप. "हातात मशीन, पायाखाली पाणी, आणि हा बोर्ड. धूळ वीस वर्षांनी मारेल ताई, करंट आत्ता मारेल." शिवाय चिखल खालच्या फ्लॅटच्या पुट्टीवर ओघळला की भरपाई मजुरीतून. करंट गळताच वीज तोडणारा ईएलसीबी, पाण्याचं टेबलकटर, धूळ ओढणारं यंत्र, हे सगळं बाजारात मिळतं. पण मजुरी चौरस फुटावर ठरते, आणि त्या फुटात यातलं काहीच धरलेलं नसतं.

सिन्नरला माळेगावच्या औद्योगिक वसाहतीत 'गारगोटी' नावाचं खनिजांचं संग्रहालय आहे. तिथले स्फटिक काचेआड, दिव्याखाली असतात, आणि हात लावायची मनाई असते. हिऱ्यापोटी गारगोटी ही म्हण आपण नालायक पोराला लावतो. इथे ती शब्दशः खरी होती, आणि मदतीला आलेला मिस्त्रींचा सतरा-अठरा वर्षांचा भाचा तोंडाला रुमाल बांधून गारगोटीच्या पिठात उभा होता. रुमालाचे धागे त्या पिठाला अडवत नाहीत.

खाली उतरताना मिस्त्री दुसऱ्या मजल्यावर थांबले. मोबाइल बघायला थांबलो, म्हणाले. मोबाइल काही काढला नाही.

निघण्याआधी त्यांनी ब्लेड फडक्याने पुसून, कागदात गुंडाळून जेवणाच्या डब्याच्या वरच्या कप्प्यात ठेवलं होतं. चांगलं ब्लेड पाचशेच्या पुढे जातं, साइटवर ठेवलं तर सकाळी सापडत नाही. मास्क वरच राहिला होता, पुट्टीच्या पोत्यावरच्या खिळ्याला. तो कोणी नेत नाही.