बारावीआधीच्या दोन सुट्ट्या

एप्रिल उजाडला की आपल्या घराघरांतून एकच प्रश्न ऐकू येतो, "मग, कोणता क्लास लावला?" दहावी झालेल्या मुलाला लगेच जेईई किंवा नीटच्या क्लासला बसवतात आणि अकरावी झालेल्या मुलीला बारावीचा अभ्यास आधीच उरकणाऱ्या बॅचला. क्लास वाईट नाहीत. पण मुलाला काय व्हायचे आहे हे ठरण्याआधी त्याचा क्लास ठरतो, हे जरा विचित्रच. अभियांत्रिकी म्हणजे चार वर्षे, वास्तुकला पाच, एमबीबीएस साडेचार आणि वर एक वर्ष इंटर्नशिप. एवढी वर्षे ज्या कामाला द्यायची, ते काम मुलाने एकदा तरी जवळून पाहिलेले असते का?

सुट्ट्या किती?

जरा हिशेब करू या. बारावीनंतरची सुट्टी ही सुट्टी नसतेच. जेईई मेनचे दुसरे सत्र एप्रिलमध्ये असते, नीट आणि सीयूईटी साधारणपणे मे महिन्यात. जेईई मेनचे पहिले सत्र तर त्याआधी जानेवारीतच होऊन जाते. म्हणजे फराळ संपतो न संपतो तोच फॉर्म भरायला बसावे लागते. मोकळ्या म्हणाव्या अशा सुट्ट्या उरतात दोनच, दहावीनंतरची आणि अकरावीनंतरची.

प्रमाणपत्रांचा मोह

आपल्याकडे बहुतेक जागा प्रवेश परीक्षेच्या गुणांवर भरतात. तिथे उन्हाळी शिबिराच्या प्रमाणपत्राला अर्ध्या गुणाचीही किंमत नाही. 'समर इंटर्नशिप' म्हणून फी घेऊन कागद देणाऱ्या जाहिराती दिसतात. त्यांच्यावर पैसे घालवण्याआधी हे लक्षात ठेवावे.

काही ठिकाणी मात्र मुलाने काय केले हे विचारतात. एनआयडीसारख्या संस्थेत दुसऱ्या टप्प्यावर हाताने काम करून दाखवावे लागते. अमेरिकेतील अनेक विद्यापीठांच्या 'कॉमन अ‍ॅप' या सामायिक अर्जात जास्तीत जास्त 10 उपक्रम लिहिता येतात आणि 650 शब्दांपर्यंत निबंध असतो. हा अर्ज 1 ऑगस्टला खुला होतो. तिथेही दहा शिबिरांच्या यादीपेक्षा मन लावून तडीस नेलेले एखादे काम अधिक बोलते.

पहिली सुट्टी : बघण्याची

दहावीनंतरची सुट्टी बघण्यासाठी ठेवावी. डॉक्टर व्हायचे म्हणणाऱ्या मुलीने आठ-दहा दिवस ओळखीच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात नुसते बाहेरच्या बाकावर बसून पाहावे. रुग्ण किती वेळ थांबतात, डॉक्टर तेच तेच किती वेळा समजावतात, दुपारचे जेवण किती वाजता होते. मेकॅनिकलला जाऊ पाहणाऱ्याने कारखान्यात, सीए व्हायचे असेल तर हिशेबनिसाच्या टेबलाशेजारी. फक्त एक पथ्य पाळावे. 14 ते 18 वयाच्या मुलांना धोकादायक कामावर ठेवायला कायद्याने मनाई आहे, त्यामुळे यंत्राला हात लावायचा नाही, लांबून पाहायचे.

ज्यांना इतिहास-भाषांची ओढ आहे त्यांना तर आपल्या गावांत खजिनाच आहे. वडोदरा, इंदूर, ग्वाल्हेरच्या कितीतरी जुन्या घरांत मोडीतले कागद ट्रंकेत पडून आहेत. मोडी शिकावी आणि आजोबांना विचारत एक तरी कागद वाचावा. कोणी पाहील आणि म्हणेल, "नको रे बाबा, हे आपले काम नव्हे." तेही चालेल. सोळाव्या वर्षी आठ दिवसांत कळले ते विसाव्या वर्षी, फी भरून झाल्यावर कळण्यापेक्षा बरे.

दुसरी सुट्टी : अभ्यास आणि कागदपत्रे

अकरावीनंतरची सुट्टी अभ्यासाला द्यावीच. मात्र नवे धडे पळवण्याआधी अकरावीतले कच्चे राहिलेले पक्के करावे, कारण जेईई-नीटमध्ये अकरावीचा भागही विचारतात. सीयूईटी देणार असाल तर हव्या त्या अभ्यासक्रमाला कोणते विषय लागतात ते आत्ताच पाहून ठेवा. या परीक्षेच्या 13 भाषांमध्ये आपली मराठीही आहे.

आणि कागदपत्रे! आपल्या नावांचा घोळ ठाऊक आहेच. कुठे आडनाव आधी, कुठे शेवटी, कुठे वडिलांचे नाव गाळलेले. आधार कार्ड आणि दहावीची गुणपत्रिका शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर जुळवा. दुरुस्तीला वेळ लागतो, ऐन फॉर्मच्या वेळी तो मिळत नाही. महाराष्ट्रात शिकायला जायचे असेल तर अधिवासाचे नियम नीट वाचा. बेळगावकडच्या पालकांनी हे विशेष ध्यानात घ्यावे : महाराष्ट्राच्या अभियांत्रिकी प्रवेशात वादग्रस्त सीमाभागातल्या, मराठी मातृभाषा असलेल्या विद्यार्थ्यांसाठी 'टाइप ई' हा वेगळा प्रकार आहे. दाखले कोणते लागतात, ते त्या-त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेतच पाहावे.

आपण मोठ्यांनी काय करावे?

आपल्या मंडळात डॉक्टर आहेत, वकील आहेत, बँकेतले आहेत, कारखानदार आहेत. प्रत्येकाने मे महिन्यात एका मुलाला किंवा मुलीला आठवडाभर आपल्या शेजारी बसू द्यावे. त्याला खर्च नाही, प्रमाणपत्र नाही. आणि पालकांनी संध्याकाळी "किती धडे झाले?" असे विचारण्याआधी एकदा "आज काय पाहिलंस?" असे विचारावे. उत्तर ऐकायला मात्र फोन बाजूला ठेवून बसावे लागेल.