रिपोर्ट ‘नॉर्मल’, तरी जपून

थकवा, कोरडी कातडी, बद्धकोष्ठता, सतत थंडी: डायलिसिसवरच्या माणसाला हे असतंच. थायरॉइड मंदावल्याची लक्षणंही नेमकी हीच! रक्तात टी-३ कमी, टीएसएच ठीक, असं वारंवार दिसतं. तेवढ्यावरून सहसा गोळी सुरू करत नाहीत. रक्ताचा नमुना मात्र डायलिसिसमध्ये रक्त गोठू नये म्हणून दिलं जाणारं हेपारिन देण्याआधीच घ्यावा; नंतर घेतल्यास फ्री टी-४ खोटाच वाढलेला दिसू शकतो.

यकृताचा घोळ निराळा. डायलिसिसच्या रुग्णांत एसजीपीटी (यकृताच्या तपासणीतला आकडा) मुळातच कमी असतो. म्हणून ४० च्या आतला आकडा पाहून निर्धास्त होऊ नये. हेपॅटायटिस सी लपलेला असू शकतो. त्याची वेगळी तपासणी ठरल्या वेळी करायचीच. पुन्हा थायरॉइडकडे: त्याची गोळी चालू असेल, तर जेवणासोबतच्या, फॉस्फरस कमी करणाऱ्या कॅल्शियमच्या किंवा सेव्हेलॅमरच्या गोळीपासून ती ४ तास लांब ठेवा. दोन्ही एकाच घोटात गिळणारे कमी नाहीत.