देहदंड : प्रश्न रीतीचा की दंडाचा?

१२ जानेवारी १९३१ रोजी येरवडा कारागृहात मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे व कुर्बान हुसेन या चौघा सोलापूरकरांना फाशी देण्यात आली. मे १९३० मधील उठावात दोन पोलिसांची हत्या झाली होती. त्या खटल्यात ते दोषी ठरले होते. तेव्हाच्या कायद्याने ज्यांना खुनी म्हटले, त्यांना हे शहर आज हुतात्मे म्हणून वंदन करते. लोकांचा निवाडा पालटला. पण गेलेले जीव परत आणण्याचे सामर्थ्य कोणत्याच निवाड्यात नसते.

सध्याचा वाद बहुधा रीतीभोवती घुटमळतो. मरेपर्यंत गळफास ही १८९८ च्या फौजदारी संहितेतील तरतूद १९७३ च्या संहितेत आली व २०२३ च्या नव्या संहितेतही कायम राहिली. १९८३ साली सर्वोच्च न्यायालयाने ही रीत घटनाबाह्य नसल्याचा निर्णय दिला. फाशीऐवजी विषारी इंजेक्शनासारखा पर्याय असावा, अशी याचिका २०१७ मध्ये त्याच न्यायालयापुढे आली. वेदना कमी व्हावी ही इच्छा करुणेचीच आहे. परंतु साधन बदलल्याने कृत्य बदलत नाही.

दीघनिकायातील चक्कवत्ति-सीहनाद सुत्तात या प्रश्नाचे मूळ सापडते. राजा निर्धनांना धन देत नाही, म्हणून चोरी वाढते. चोरी थांबावी म्हणून तो शिरच्छेद करवितो. ते पाहून लोकही शस्त्रे घडवितात व ज्यांना लुटतात त्यांची डोकी उडवितात. राज्याची हिंसा प्रजेला हिंसाच शिकविते, हा येथील कार्यकारणभाव आहे.

सम्राट अशोकाने देहदंड रद्द केला नव्हता, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. तथापि चौथ्या स्तंभलेखात त्याने मृत्युदंड झालेल्यांना तीन दिवसांची मुदत दिली. आप्तांनी त्यांच्या जीविताची याचना करावी, हा तिचा एक हेतू होता. निवाड्याचा फेरविचार होऊ शकतो, याची ती कबुलीच होय.

३ जून १९४९ रोजी संविधान सभेत डॉ. बाबासाहेब आंबेडकर याहून पुढे गेले. लोक आचरणात चुकत असले तरी अहिंसेला नैतिक आदेश मानतात. म्हणून या देशाने फाशीची शिक्षाच रद्द करणे उचित, असे त्यांनी प्रतिपादन केले. २०१५ साली विधी आयोगानेही दहशतवादाचे गुन्हे वगळता ती रद्द करण्याची शिफारस केली.

यावर कोणी विचारील, मारल्या गेलेल्यांच्या आप्तांचे काय? तो प्रश्न रास्त आहे. त्या दोन पोलिसांनाही घरेदारे असतील. परंतु चौघांच्या फाशीने त्यांचे दुःख निवारले गेले नाही. शोकाकुल घरांची संख्या मात्र वाढली. गुन्हेगारापासून समाजाचे रक्षण आजन्म कारावासानेही होते, आणि पीडित कुटुंबाला आधार देणे हे शासनाचे कर्तव्य उरतेच. कारावासात चूक दुरुस्त करता येते, मनुष्यही बदलू शकतो. अंगुलिमालाची कथा दुसरे काय सांगते? म्हणून फास असावा की सुई, हा प्रश्न आम्ही दुय्यम मानतो. जो दंड मागे घेता येत नाही, तो देण्याचा अधिकार चुकू शकणाऱ्या माणसांनी हाती ठेवावा काय, याचे उत्तर प्रथम दिले पाहिजे.