फटफटीचे दुखणे

आमच्या घरी मोटार नाही. आहे ती शंभर सी. सी.ची एक मोटरसायकल, बारा वर्षे वापरातली. माझे कॉलेज, सौभाग्यवतींची बँक, कन्येचे क्लास, आईचे डॉक्टर आणि महिन्याचे वाणसामान असा सारा संसार ती एकटी वाहते. आईच्या तोंडी तिचे नाव अजूनही ‘फटफटी’ असेच आहे. आईच्या तरुणपणी रस्त्यावर जावा होती, राजदूत होती, बुलेट होती. त्या खरोखरच फटफट करीत. 1985 मध्ये सीडी 100 आली, 1994 मध्ये स्प्लेंडर आली, आणि तेव्हापासून मध्यमवर्गीयांची मोटरसायकल हळू आवाजात बोलू लागली. आमचीही त्याच कुळातली. कधी कुरकुर म्हणून नाही. निदान 2024 च्या दसऱ्यापर्यंत तरी नव्हती.

दसरा झाला, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी सिंहगड रस्त्यावर ती अचानक बंद पडली. पेट्रोल संपल्यावर गाडी जशी दोन आचके देते तसे आचके दिले आणि गप्प. पेट्रोल तर मी आदल्याच संध्याकाळी काठोकाठ भरले होते. वीस-पंचवीस किका मारल्या. घामाने सदरा भिजला. रस्त्यावरून जाणाऱ्या तिघांनी तीन सल्ले दिले. अखेर कंटाळून गाडी कडेला लावली, कॉलेजात फोन करून तास चुकणार असल्याचे सांगितले, आणि सहज म्हणून आणखी एक किक मारली, तो स्वारी सुरू! जणू काही झालेच नव्हते.

संध्याकाळी परतताना पुन्हा तोच प्रकार. मी गॅरेज गाठले.

“काय होतंय, सर?” मेकॅनिकने विचारले.

“अहो, बंद पडते.”

“बघतो.”

त्याने किक मारली, गाडी लागलीच उठली. त्याने प्लग बदलला. दोन दिवसांनी गाडी पुन्हा बंद पडली, तेव्हा त्याने कार्बोरेटर उघडून साफ केला. नंतर इग्निशनची कॉइल बदलली. दीड हजार रुपये गेले, आणि गाडी बंद पडायची ती पडतच राहिली. मनातल्या मनात मी त्या मेकॅनिकला बरीच विशेषणे बहाल केली. ती येथे देण्याचे कारण नाही. कारण दोष त्याच्याइतकाच, किंबहुना अधिक, माझा होता. तो कसा, हे कळण्यापूर्वी आणखी एक प्रसंग घडायचा होता.

कन्येची सत्रपरीक्षा सुरू होती. केंद्र कर्वेनगरला. मी तिला मागे बसवून निघालो. राजाराम पुलाच्या मध्यावर गाडीने आचके दिले. डावीकडे कठडा, उजवीकडे रिक्षांची रांग, आणि मागे बस. बसच्या चालकाने ब्रेक लावले तो आवाज मी अजून विसरलेलो नाही. मुलगी उतरली, आम्ही दोघांनी ढकलत गाडी पुलापलीकडे नेली. “बाबा, मी रिक्षानं जाते,” एवढेच ती म्हणाली, आणि गेली. ती वेळेवर पोहोचली. पण मला त्या रात्री झोप लागली नाही. तोवर हा प्रश्न वेळेचा आणि पैशाचा होता. पुलावर तो निराळा झाला.

दुसऱ्या दिवशी मी वही काढली. वीस वर्षे मी मुलांच्या निबंधांवर लाल शाईने एकच शेरा लिहीत आलो आहे: ‘नेमके लिहा.’ आणि स्वतः मी गॅरेजात जाऊन काय सांगितले होते? ‘बंद पडते.’ नुसते क्रियापद! कधी, कुठे, किती वेळाने, कशी, म्हणजे सारी क्रियाविशेषणे मी घरी ठेवून गेलो होतो. डॉक्टरांकडे जाऊन आपण ‘ताप येतो’ म्हटले तर ते विचारतात, रोज येतो की दिवसाआड? थंडी वाजून येतो का? मेकॅनिकच्या दारात दहा गाड्या उभ्या असतात. तो विचारीत नाही, आणि आपण सांगत नाही.

म्हणून मी चार दिवस टिपणे केली. त्यांतून असे दिसले की टाकी भरलेली असली की गाडी दोन-तीन किलोमीटरांतच थांबते. टाकी अर्धी झाली की सहा-सात किलोमीटर जाते. दहा मिनिटे उभी केली की आपोआप उठते. आणि पेट्रोल पंपावरून निघाल्यावर लगेच कधीही बंद पडत नाही. हे सारे वहीत होते, पण त्याचा अर्थ मला लागेना. कॉइल तापून बिघडत असेल, तर तिला टाकी भरली आहे की अर्धी, हे कसे कळणार?

अर्थ लावला तो स्वयंपाकघराने. दिवाळीच्या फराळासाठी पंधरा किलो तेलाचा डबा आणला होता. सौभाग्यवतींनी स्क्रूड्रायव्हर आणि बत्ता घेऊन डब्याच्या एका कोपऱ्यात भोक पाडले, आणि मी मदतीच्या उत्साहात डबा लगेच कलता केला. थोडे तेल आले, आणि धार थांबली.

“अहो, थांबा की!” त्या म्हणाल्या. “एका भोकानं तेल येतं का कधी? वारा नको आत जायला?” आणि समोरच्या कोपऱ्यात त्यांनी दुसरे भोक पाडले. तेलाची धार अखंड सुरू झाली.

मी डबा तसाच त्यांच्या हाती देऊन वही आणायला धावलो. तेल थोडे सांडले, त्याबद्दल पुढे ऐकून घ्यावे लागले.

जुन्या पद्धतीच्या गाडीत पेट्रोल टाकीतून कार्बोरेटरकडे केवळ आपल्या वजनाने उतरते. जेवढे पेट्रोल खाली जाईल तेवढी हवा वरून टाकीत यावी लागते, आणि ती यावी म्हणून टाकीच्या झाकणाला एक बारीकसे छिद्र असते. ते बुजले की आत निर्वात होऊ लागतो आणि पेट्रोल उतरायचे थांबते. टाकी भरलेली असेल तर आत हवा थोडी, म्हणून निर्वात लवकर. अर्धी असेल तर उशिरा. उभी राहिली की फटीफटीतून हवा हळूहळू शिरते आणि गाडी उठते. पंपावर तर झाकणच उघडले जाते! माझी वही अक्षरन् अक्षर खरी होती.

सकाळी टाकी भरून मुद्दाम रिकाम्या रस्त्याला गेलो. गाडी थांबली. झाकण उघडले, तो ‘सुस्स’ करून हवा आत शिरली, आणि पहिल्या किकेला इंजिन सुरू. खात्रीसाठी पुन्हा एकदा तेच केले. मग झाकण उजेडात धरून पाहिले. छिद्र पार बुजलेले. आणि कशाने, तर हळदीकुंकवाने! दसऱ्याला आईने हौसेने झाकणाच्या मधोमध ओल्या हळदीकुंकवाची बोटे ओढली होती. ती झिरपून आत वाळली होती. बारीक तारेने छिद्र मोकळे केले, गॅरेजात हवा मारून घेतली. तेव्हापासून ती तक्रार गेली ती गेली.

मेकॅनिकने वही वाचली आणि म्हणाला, “सर, पहिल्याच दिवशी हे सांगितलं असतंत, तर मी झाकणच बघितलं असतं.” तेव्हापासून आमची मैत्री जमली. रविवारी दुपारी मी त्याच्याकडे स्टुलावर बसतो आणि तो काम करता करता शिकवतो. त्याच्या शाळेत पहिला धडा शब्दांचा. ‘उठत नाही’, ‘बंद पडते’, ‘मिसिंग मारते’ आणि ‘ओढत नाही’ ही आपल्या लेखी एकच तक्रार. त्याच्या लेखी चार निराळी दुखणी.

सकाळी गाडी उठत नसेल, तर किकेवर पाय ठेवण्यापूर्वी क्षणभर थांबावे. कॉक उघडा आहे का? काटा तळाला असेल तर रिझर्व्हवर घेतला का? काही गाड्यांना उजव्या मुठीजवळ लाल बटण असते, ते कोणी पोराने दाबून ठेवले आहे का? आमच्या एका सहकाऱ्यांनी त्या बटणापायी टेंपोत घालून गाडी गॅरेजात नेली होती. मेकॅनिकने एका बोटाने दुरुस्त केली आणि पैसे घेतले नाहीत, याचेच त्यांना अधिक वाईट वाटले. पुष्कळशा नव्या गाड्यांत साइड स्टँड खाली असेल तरी इंजिन चालत नाही.

एवढे पाहून झाले की उरतात तीन गोष्टी: पेट्रोल, ठिणगी आणि दाब. थंडीत कार्बोरेटरच्या गाडीला चोक द्यावा, आणि इंजिन गरम होताच तो आठवणीने काढावा. पुष्कळ किका मारल्यावर पेट्रोलचा वास येऊ लागला, तर आत पेट्रोल जास्त झाले आहे. आणखी चोक देणे म्हणजे बुडत्याला पाणी पाजणे. चोक बंद करून, ॲक्सिलरेटर पूर्ण पिळून धरावा आणि चार-सहा किका माराव्यात. नाहीच उठली तर दहा मिनिटे स्वस्थ बसावे.

मग प्लग. प्लगपाना आणि एक जादा प्लग गाडीत असावाच. काढलेल्या प्लगचे टोक मारी बिस्किटाच्या रंगाचे असेल तर इंजिनाची प्रकृती उत्तम. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त किंवा हवा कमी, म्हणजे बहुधा हवेचा फिल्टर तुंबलेला. तेलकट ओले असेल, आणि सायलेन्सरमधून निळसर धूर येत असेल, तर ऑइल जळते आहे. ते काम घरचे नव्हे. प्लगच्या दोन टोकांतली फट बहुतेक शंभर सी. सी.च्या गाड्यांत 0.6 ते 0.8 मिलिमीटर असते. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत दिलेला असतो. (ती पुस्तिका आमच्या घरी बारा वर्षांनी प्रथमच उघडली गेली.) प्लग बसवताना आधी हातानेच फिरवून बसवावा आणि शेवटी पान्याने बेताने आवळावा, इंजिनाचे डोके ॲल्युमिनियमचे, आटे गेले की खर्च मोठा. हे सारे इंजिन गार झाल्यावर, आणि जवळपास विडीकाडी नसताना.

पावसाळ्यात ‘मिसिंग’ होते ते पुष्कळदा प्लगच्या टोपीत पाणी शिरल्याने. टोपी काढून कोरड्या फडक्याने पुसली की निम्म्या गाड्या मार्गी लागतात. मात्र गुडघाभर पाण्यात गाडी बंद पडली, तर तेथे किक किंवा सेल्फ मुळीच मारू नये. फिल्टरवाटे सिलिंडरात पाणी गेले असेल तर ते दाबले जात नाही, आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. ढकलत न्यावी, लाज वाटण्यासारखे त्यात काही नाही, मी पुलावर ढकलली आहे.

‘ओढत नाही’ ही तक्रार घेऊन लोक इंजिनाला दोष देतात. चढावर इंजिनाचा आवाज वाढतो पण वेग वाढत नाही, तर क्लच सरकतो आहे. क्लचच्या दांडीला एक ते दोन सेंटिमीटर मोकळीक हवी; तीच नसेल तर प्लेटी जळतात. या गाड्यांचा क्लच इंजिन ऑइलमध्येच बुडालेला असतो, म्हणून मोटारीचे उरलेले ऑइल मोटरसायकलीत ओतण्याची काटकसर महागात पडते. डब्यावर ‘जासो एम. ए.’ असे लिहिलेले पाहून घ्यावे. आणि क्लच ठीक असेल तर गाडी मधल्या स्टँडवर घेऊन मागचे चाक हाताने फिरवून बघावे. ते अडखळत असेल तर बिचारे इंजिन ब्रेक लावूनच चालले आहे.

1 एप्रिल 2020 पासून भारत स्टेज सहाचे नियम लागू झाले आणि नव्या गाड्यांत कार्बोरेटरच्या जागी इंधन फवारणारी यंत्रणा आली. त्यांना चोक नाही. चावी फिरवल्यावर पंपाचा क्षणभर ‘झूं’ असा आवाज येतो का, आणि सुरू झाल्यावर इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा विझतो का, एवढेच आपण पाहायचे. दिवा विझत नसेल तर तारा-पिना न घालता जाणत्याकडे न्यावी. बॅटरी मात्र जपावी. ती पुरती उतरली तर या गाड्या किकेनेही उठायला कुरकुरतात.

चेन आणि ब्रेक यांच्या बाबतीत मात्र मेकॅनिक चेष्टा सहन करीत नाही. चेन खालून मध्यावर बोटाने वर-खाली करून पाहावी. साधारण दोन ते तीन सेंटिमीटर हलावी. चाक फिरवून तीन-चार ठिकाणी पाहावी, कारण ती सगळीकडे सारखी झिजत नाही. सैल चेन वेगात उतरली तर मागचे चाक अडकू शकते. ताणताना दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या ठेवाव्यात, आणि ताणल्यावर मागचा ब्रेक पुन्हा तपासावा. चाक मागे सरकले की त्याची मोकळीक बदलते. ड्रमच्या ब्रेकवर एक लहानसा बाण असतो. ब्रेक पूर्ण दाबल्यावर तो खुणेपर्यंत पोहोचला, तर आतले लायनर संपले. आमच्या गाडीचा बाण खुणेला टेकला होता. कधीपासून, कोणास ठाऊक! पुलावर मागच्या बसने ब्रेक लावले होते. त्या दिवशी ते मला लावावे लागले असते तर, हा विचार त्या रविवारी स्टुलावर बसल्या बसल्या माझ्या मनात आला, आणि मी लायनर तेव्हाच बदलून घेतले.

हळदीकुंकवाचे कारण आम्ही आईला सांगितलेले नाही. सौभाग्यवतींनी एवढेच सुचवून ठेवले आहे की, आता तिचे नजरेचे काम कमी झाले, तेव्हा पूजा पुढच्या मडगार्डवर केलेली बरी. तिथे बसल्या बसल्या हात पोहोचतो.