अब्बा आता कायमचे घरी

जिल्हा परिषदेचा शिक्षक अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होतो तेव्हा शाळेत छोटा समारंभ होतो. शाल-श्रीफळ मिळते, चार लोक चांगले बोलतात आणि कागदपत्रे वेळेत पुढे गेली असतील तर पेन्शन सुरू होते. आमच्या रत्नागिरी-रायगडच्या मोहल्ल्यांत निवृत्तीचे दुसरेच रूप पाहायला मिळते. कुवेत, दम्माम, दोहा किंवा दुबईत तीस वर्षे राबलेला माणूस पासपोर्टवर शेवटचा शिक्का घेऊन मुंबईच्या विमानतळावर उतरतो, रात्रीच्या गाडीने गावात येतो आणि सकाळी फजरच्या नमाजनंतर लोक विचारतात, "कधी आलात? किती दिवसांची सुट्टी?" सुट्टी नाही, कायमचा आलो, हे तोंडातून निघायला पुष्कळांना पंधरा-पंधरा दिवस लागतात.

आमच्या आधीच्या पिढ्या जहाजावर होत्या. १९७३ नंतर तेलाचे भाव चढले, आखातात रस्ते, बंदरे, शुद्धीकरण कारखाने उभे राहू लागले आणि कोकणातल्या मुस्लिम घरांतली तरुण मुले तिकडे वळली. वेल्डर, इलेक्ट्रिशियन, ड्रायव्हर, क्रेन चालवणारे, दुकानातले सेल्समन, ऑफिसातले कारकून. त्यांच्या पैशाने गावात पक्की घरे झाली, मशिदींना मिनार चढले, बहिणींची लग्ने झाली, भावांची शिक्षणे झाली. हे सगळे आपण अभिमानाने सांगतो. पण ती माणसे साठीला परत आली की त्यांचे काय होते, यावर आपल्या घरांत फारसे बोलले जात नाही.

एक हिशेब मांडून बघू. दोन वर्षांनी दोन महिन्यांची सुट्टी, असा जुन्या करारांचा साधारण रिवाज होता. तीस वर्षांत पंधरा सुट्ट्या, म्हणजे तीस महिने. तीस वर्षांच्या संसारातली अडीच वर्षे नवरा-बायको एका छपराखाली राहिले. तीही सलग नव्हेत, आणि प्रत्येक सुट्टीत निम्मे दिवस पाहुण्यांत, लग्नकार्यात आणि गवंड्याच्या मागे फिरण्यात गेले. हजरत उमर (रजि.) यांनी सैनिकांना घरापासून किती काळ दूर ठेवावे याची मर्यादा ठरवली होती, रिवायतींत कुठे चार महिने येतात, कुठे सहा. आमच्या घरांनी दोन-दोन वर्षे काढली. नाइलाजाने काढली, म्हणून त्यात कोणाला दोष देण्याचे कारण नाही. पण एवढ्या वर्षांचे अंतर विमानाच्या एका तिकिटाने भरून निघेल असे समजणे भाबडेपणाचे आहे.

आम्ही शिक्षक मंडळी या घरांना एका वेगळ्या बाजूने ओळखतो. प्रगतिपुस्तकावर सही अम्मीची. पालकसभेला अम्मी. दाखल्यातली चूक दुरुस्त करायला तहसील कचेरीत अम्मी, बँकेत अम्मी, लाइटबिलाच्या रांगेत अम्मी. लग्न होऊन आली तेव्हा जिला एकटीने बाजारात जायची सवय नव्हती, तिने वीस वर्षांत घर बांधून घेतले, सिमेंटच्या गोणी मोजून घेतल्या, मुलीचे स्थळ पाहिले, सासऱ्यांचे आजारपण काढले. आता घरात कायमचे आलेले गृहस्थ सकाळी कपाटाची किल्ली मागतात आणि विचारतात, "दुधाला महिन्याला एवढे कसे लागतात?"

एका माउलीने आम्हाला हसत हसत विचारले होते, "सर, मला कळत नाही. पाहुणे हे आहेत की मी?" ती हसली खरी, पण तो प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. नवरा वाईट होता असेही नाही. कंपनीत पंचवीस माणसे त्याच्या हाताखाली होती. हुकूम द्यायची आणि हिशेब घ्यायची सवय त्याच्याबरोबर घरी आली होती एवढेच. आमचे मत स्पष्ट आहे. निदान पहिले वर्षभर घरचा कारभार जिच्या हातात आहे तिच्याच हातात राहू द्यावा. नव्या शाळेत बदलून आलेला मुख्याध्यापकसुद्धा शहाणा असेल तर पहिले सहा महिने नुसते पाहतो.

आणि पाहताना हातही चालावेत. प्रेषित मुहम्मद (स.) घरात काय करत, असे हजरत आयेशा (रजि.) यांना विचारले गेले तेव्हा त्यांनी सांगितले की ते घरच्यांच्या कामात असत आणि नमाजची वेळ झाली की नमाजला जात. आपले जोडे-कपडे ते स्वतः दुरुस्त करत असत, हेही रिवायतींत आहे. आखातातल्या खोलीत सहा-आठ जणांत पाळीने स्वयंपाक करणारा, स्वतःचे कपडे धुणारा, इस्त्री करणारा हाच माणूस गावी आल्यावर पाण्याचा पेला हातात मागतो, हे जरा विचित्रच म्हणायचे. तिकडे शिकलेली मटणाची करी इकडे शुक्रवारी करून वाढली तर घरातल्या बायका पहिल्यांदा हसतील, दुसऱ्यांदा जेवतील.

मुलांचे प्रकरण नाजूक असते. १९८०च्या दशकात कॅसेटवर आवाज भरून पाठवत, मग एसटीडी बूथसमोर रांगा लागल्या, आता व्हिडिओ कॉल आहे. अब्बा म्हणजे आवाज, अब्बा म्हणजे पेटी. पेटी उघडली की साबणाचा आणि अत्तराचा वास घरभर पसरायचा. आता अब्बा आहेत आणि पेटी नाही. पंचविशीतला मुलगा रात्री उशिरा घरी आला म्हणून बाप रागावतो, आणि मुलाच्या मनात येते, हे मला कधीपासून विचारू लागले? दोघांचेही बरोबर असते. अशा वेळी उपदेशापेक्षा बरोबर केलेले काम उपयोगी पडते. गडगा बांधणे, पागोळ्यांआधी कौले चाळणे, कलमांना खत घालणे, मोटरसायकलची सर्व्हिसिंग. बाप-मुलगे समोरासमोर बसून बोलत नाहीत. एकाच कामाकडे पाहत मात्र पुष्कळ बोलतात.

आता पैशाकडे येऊ, कारण निवृत्तीची खरी धास्ती तिथे असते. आखातात परदेशी कामगाराला पेन्शन नाही, नोकरी संपताना एकरकमी मोबदला मिळतो. सौदी अरबच्या कामगार कायद्यात पहिल्या पाच वर्षांना वर्षाला अर्ध्या महिन्याचा पगार आणि पुढच्या प्रत्येक वर्षाला एक महिन्याचा, असा हिशेब आहे. म्हणजे एकाच मालकाकडे सलग तीस वर्षे काढली तर साडेसत्तावीस महिन्यांचा पगार. कंपनी बदलली की मोजणी पुन्हा पहिल्यापासून. यातून येते ती रक्कम गावाला फार मोठी दिसते. महिनाभरात मेहुण्याला टेम्पो घ्यायचा असतो, पुतण्याला बाहेर जायला एजंटला पैसे द्यायचे असतात, मशिदीच्या कामाची पावती फाडायची असते. द्यावे, जरूर द्यावे. पण उसने असेल तर कागद करून द्यावे. कुरआनमधली सर्वांत मोठी आयत, सूरह बकराची २८२वी, देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आणि साक्षीदारांबद्दल आहे. तरीही "घरच्या माणसाकडून काय लिहून घ्यायचे" असे म्हणणारे लोक आपल्यात रोज भेटतात.

व्याज नको, हा आपल्या घरांतला आग्रह योग्यच आहे. मात्र त्याचा फायदा घेणारेही असतात. हलाल नफ्याच्या नावाखाली हजारो मुस्लिम कुटुंबांचा पैसा गोळा करणारी बंगळुरूची आयएमए २०१९ साली बुडाली आणि त्यात कितीतरी निवृत्तांची आयुष्यभराची कमाई गेली. दाढी, टोपी आणि महिन्याला ठरावीक नफ्याचे आश्वासन एकत्र आले की दोन पावले मागे सरावे. खऱ्या भागीदारीत नफ्याचा वाटा ठरतो, रक्कम ठरत नाही, आणि तोट्यातही भागीदार असावेच लागते. दुसरीकडे पैसा नुसता पडून राहिला तर जकात त्याला दरवर्षी अडीच टक्क्यांनी कमी करते. वीस लाखांवर पन्नास हजार. जकात फर्ज आहे, ती देण्यात कुचराई नको. पण पैसा कामाला लागला पाहिजे, हे तिच्यातूनच लक्षात येते. आमच्या पाहण्यात ज्यांचे बरे चालले त्यांनी बहुधा दोन गाळे भाड्याने दिले, किंवा तयार बाग घेतली. कलमे नवीन लावून साठीत उत्पन्नाची वाट पाहायची तर पाच-सहा वर्षे थांबावे लागते. ज्यांनी आल्या आल्या हॉटेल किंवा कोंबड्यांचा फार्म काढला त्यांतले बरेच जण वर्षाच्या आत शटर ओढून बसले.

दोन कर्जे मात्र सगळ्यांच्या आधी फेडावीत. एक, बायकोचा महर. निकाहनाम्यात उधार लिहिलेला महर तीस वर्षे तसाच राहिलेली घरे आपल्यात कमी नाहीत. ते कर्ज आहे, माफीसाठी तिला भरीस घालण्याची गोष्ट नाही. दुसरे, तिचा हज. तिकडे राहून स्वतः तीन-तीन हज आणि कितीतरी उमरे केलेल्या माणसाची बायको अजून हज कमिटीच्या कुर्र्‍यात नाव निघण्याची वाट पाहत असते. टाइल्स बदलण्याआधी तिचा फॉर्म भरावा.

घराच्या नावाबद्दलही घाई नको. भावनेच्या भरात बंगला मुलांच्या नावावर करून देणारे आणि नंतर सुनेच्या तोंडाकडे पाहत बसणारे लोक आम्ही पाहिले आहेत. शरीअतमध्ये हिबा पुरा व्हायला कब्जा द्यावा लागतो, आणि दिलेला कब्जा परत मागणे सोपे नसते. एका मुलाला वेगळी भेट देण्याच्या प्रसंगी साक्षीदार व्हायला प्रेषितांनी (स.) नकार दिला होता, ही हदीस मुलींना वगळून कागद करणाऱ्यांनी जरूर आठवावी. वसीयत एक तृतीयांशापर्यंतच चालते, आणि वारसासाठी चालत नाही, इतर वारसांनी मान्य केले तरच.

तब्येतीचे पाहायला तर कोणाला वेळच नसतो. उन्हात आणि रात्रपाळीत गेलेली वर्षे साखर आणि रक्तदाब बरोबर घेऊन येतात. कंपनीचा दवाखाना नोकरीच्या शेवटच्या दिवशी संपतो. तिकडचे रिपोर्ट, एक्स-रे, औषधांच्या चिठ्ठ्या फेकून न देता बरोबर आणाव्यात. विम्याबद्दल आपापल्या मुफ्तींना विचारावे. पण ज्यांना घ्यायचा आहे त्यांनी हे ध्यानात ठेवावे की आधीपासून असलेल्या आजारांना तीन वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते, म्हणून परत येऊन विचार करण्यात अर्थ नसतो. सत्तर वर्षे पूर्ण झालेल्यांना मात्र उत्पन्न न पाहता आयुष्मान भारतचे पाच लाखांपर्यंतचे संरक्षण मिळते. त्यासाठी आधार कार्ड लागते, आणि आधारवर जन्मतारीख एक, पासपोर्टवर दुसरी, हा आपल्याकडचा जुनाच रोग. तो आधी बरा करून घ्यावा.

राहता राहिला दिवस. पहाटे साडेचारला कंपनीच्या बसचा हॉर्न वाजायचा, म्हणून जाग अजून साडेचारलाच येते. फजर होते, चहा होतो, आणि मग जोहरपर्यंत सहा-सात तास समोर उभे असतात. फुरसत आणि आरोग्य या दोन नेमतींच्या बाबतीत पुष्कळ माणसे तोट्यात राहतात, असे हदीसमध्ये आले आहे. बरेच जण मशिदीच्या कमिटीत जातात. चांगलेच आहे, पण एका कमिटीत सहा माजी फोरमन एकत्र आले की पंख्याच्या जागेवरूनही दोन गट पडतात.

आमच्या शाळेत आम्ही एक वेगळा प्रयोग केला. जुबैलला सव्वीस वर्षे इलेक्ट्रिशियन असलेल्या एका गृहस्थांना शनिवारी आठवी-नववीच्या मुलांसाठी बोलावले. पहिल्या दिवशी ते म्हणाले, "मी सातवी नापास, सर. वर्गात काय बोलू?" आम्ही म्हटले, बोलू नका, बोर्ड उघडून दाखवा. त्यांनी फ्यूज, अर्थिंग, टू-वे स्विच असे एकेक दाखवायला सुरुवात केली. तिकडे सुरक्षेचे नियम कसे कडक असतात ते सांगितले. हातमोजे घातल्याशिवाय पोरांना तारेला हात लावू देईनात. आता ते शनिवारी वेळेच्या अर्धा तास आधी येतात, इस्त्रीचा शर्ट घालून, खिशाला टेस्टर लावून. मागच्या महिन्यात त्यांनी शाळेची सगळी जुनी वायरिंग तपासून सामानाची यादी काढून दिली. यादीच्या खाली उर्दूत सही केली आणि सहीखाली कंसात हुद्दा लिहिला: इलेक्ट्रिशियन.